इटलीच्या रणभूमीवर आपली माणसे

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे जुन्या औरंगाबादेहून, पैठणकडे निघाले की वाटेत बिडकीन लागते. अलीकडे या गावाचे नाव औद्योगिक वसाहतीमुळे वर्तमानपत्रांत वारंवार येते. आम्हांस तेथे नेले ते मात्र निराळ्याच कामाने. नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस, मृतांच्या दिवशी, कबरींवरची प्रार्थना आटोपल्यावर ओळखीच्या एका कुटुंबाने आम्हांस चहासाठी थांबवून घेतले. बोलता बोलता घरातील आजींनी एक लोखंडी पेटी उघडली आणि तपकिरीच्या डबीत जपून ठेवलेला एक पितळी तारा आमच्या तळहातावर ठेवला.

"आमच्या मामंजींचा आहे. ब्रह्मदेशाच्या लढाईत मिळाला म्हणतात," आजी म्हणाल्या.

तारा सहा टोकांचा होता. दर नाताळाला चिंचेने घासून घासून त्यावरील इंग्रजी अक्षरे जवळजवळ बुजून गेली होती. मागची बाजू तर इतकी गुळगुळीत झाली होती, की तिच्यावर कधी काही कोरलेले असले तरी कळू नये. परंतु डबीच्या तळाशी फितीचा एक तुकडा उरला होता आणि त्याचे रंग अद्याप ओळखू येत होते. कडेला तांबडा, मग पांढरा, मध्यभागी हिरवा, पुन्हा पांढरा आणि पुन्हा तांबडा. हे इटलीच्या निशाणाचे रंग. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेवर असलेल्या सैनिकांना 'इटली स्टार' नावाचा जो तारा देण्यात आला, त्याची ही फीत. म्हणजे आजींचे सासरे ब्रह्मदेशात होते की नव्हते ते देव जाणे, इटलीत मात्र ते नक्की होते.

पलटणीत ते कोण होते, याविषयी घरात एकमत नाही. थोरल्या नातवाच्या मते ड्रायव्हर, धाकट्याच्या मते भटारखान्यात स्वयंपाकी. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखीच पाठ आहे. नाताळ होऊन गेला होता, डोंगरावर बर्फ पडले होते, आणि तेथे त्यांना आपल्याहूनही काळे असे अमेरिकन सैनिक भेटले. ते आपल्यासारखेच ख्रिस्ती होते आणि त्यांचे साहेब मात्र गोरे होते. घरातील मुलांना ही गोष्ट आजोबांच्या इतर थापांपैकीच एक वाटत आली होती. आम्हांस ती थाप वाटली नाही. घरी परतल्यावर आम्ही पुस्तके काढून बसलो. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक शंका दूर करू. बिडकीन त्या काळी निजामाच्या राज्यात होते, मग येथील माणूस इंग्रजांच्या फौजेत कसा गेला? त्याचे उत्तर नदीपाशी आहे. पैठणला गोदावरीच्या उत्तर तीरावर निजामाचा अंमल होता, तर पलीकडचे शेवगाव इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात मोडत होते. नगर तर लष्करी ठाणेच. रोजगारासाठी नदी ओलांडणाऱ्या माणसाला ही सरहद्द अडवीत नसे. शिवाय युरोप हे नाव आपल्या मिशनच्या गावांना काही अनोळखी नव्हते. घोगरगावच्या फादर जाकियर यांच्यासारखे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या सॅव्हॉय प्रांतातून आपल्या वाड्यावस्त्यांवर आले होते. त्या पर्वताच्या पलीकडे उतरले की इटली. तेथले पाद्री इकडे आले आणि पुढे इकडचे तरुण तिकडे गेले. पहिले येणे प्रेमापोटी झाले, दुसरे जाणे पोटापायी.

इटलीची मोहीम १९४३ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. १० जुलै रोजी दोस्तांच्या फौजा सिसिली बेटावर उतरल्या आणि सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर. तेथून उत्तरेकडे सरकायला त्यांना वीस महिने लागले, कारण हा देश म्हणजे मधोमध डोंगरांचा कणा आणि दोन्ही बाजूंना समुद्राकडे धावणाऱ्या नद्या. एक नदी ओलांडावी तर पुढे दुसरी, आणि प्रत्येक नदीच्या पलीकडल्या काठावर जर्मन मशिनगन. पश्चिमेकडे बहुतांशी अमेरिकेची पाचवी आर्मी लढत होती आणि पूर्वेकडे ब्रिटिशांची आठवी. भारतीय फौजेच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या या तीन डिव्हिजन या मोहिमेत होत्या. सुमारे ५०,००० माणसे. त्यांपैकी ५,७८२ परत आली नाहीत. इटलीत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतील ६ भारतीय फौजेतील सैनिकांना मिळाले आणि त्या सहांपैकी दोघे मराठी होते.

कॅसिनोच्या टेकडीविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. आम्हां कॅथलिकांना ती टाळून पुढे जाता येत नाही. संत बेनेडिक्ट यांनी ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला मठ त्या टेकडीच्या माथ्यावर उभा होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनला तो डोंगर घेण्याची कामगिरी मिळाली. मठात जर्मन दडले आहेत, अशी समजूत होती. डिव्हिजनच्या इंग्रज सेनापतीने बॉम्बफेकीची मागणी केली आणि १५ फेब्रुवारी रोजी अमेरिकन विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत भिक्षू होते, आश्रयाला आलेले गावकरी होते. जर्मन सैनिक त्या वेळी मठाच्या इमारतीत नव्हते. ते शिरले नंतर, ढिगाऱ्यांत, आणि ढिगारा हा भिंतीपेक्षाही चांगला आडोसा ठरला. डोंगर पडला तो थेट मे महिन्यात. पराक्रमाच्या कथा लिहिताना ही पानेही उलटावी लागतात. मठ पुन्हा बांधला गेला आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनःसमर्पण केले.

रोम ४ जून १९४४ रोजी मुक्त झाले. त्यानंतर दहावी भारतीय डिव्हिजन तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकू लागली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती, आणि त्या बटालियनीत कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील बावीस वर्षांचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतील एकूण एक माणूस मेला किंवा जायबंदी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. पाठीमागे कोणी येणार नाही हे ठाऊक असताना ते सरळ त्या मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्यांची नवी पेटी चढवायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी मारले. मग आडोशाला दडून नेम धरणाऱ्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

हे गौरवपत्रातील वर्णन आम्ही मुद्दाम सौम्य केले नाही. शौर्य म्हणजे बिगूल आणि निशाण, असे समजणाऱ्याने ते दोन घाव डोळ्यांपुढे आणावेत. ज्यांच्यावर ते पडले त्यांची नावे गौरवपत्रात नाहीत. तीही कोणाची तरी बाप्तिस्मा झालेली मुले असण्याचा संभव आहे. तरीही घाडग्यांच्या धैर्यापुढे आमची मान लवते. या दोन्ही गोष्टी मनात एकत्र नांदवणे सोपे नाही, आणि ते सोपे करून देण्याचे कौशल्य आमच्यापाशी नाही.

आता बिडकीनच्या आजोबांनी सांगितलेल्या नाताळाकडे वळू. १९४४ च्या डिसेंबरात इटलीतील आघाडी बर्फात गोठली होती. पश्चिमेकडे, पिसा आणि लुक्का या शहरांच्या उत्तरेस, सेर्किओ नावाच्या नदीचे अरुंद खोरे आहे. ते राखण्याचे काम अमेरिकेच्या ९२ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनकडे होते. ही 'बफेलो' डिव्हिजन. तिच्यातील सैनिक कृष्णवर्णीय आणि वरिष्ठ अधिकारी बहुतेक गोरे. अमेरिकेच्या सैन्यात त्या काळी काळे आणि गोरे वेगवेगळ्या पलटणींत, वेगवेगळ्या बराकींत राहत. जखमींसाठी जमवलेले रक्तसुद्धा काळ्यांचे निराळे आणि गोऱ्यांचे निराळे साठवले जाई. आपल्याकडे पाणवठे वेगळे होते, तेथे रक्ताच्या बाटल्या वेगळ्या. हिटलरच्या वंशद्वेषाविरुद्ध लढायला निघालेल्या लोकशाही राष्ट्राच्या छावणीतील ही व्यवस्था होती.

त्या खोऱ्यावर, बार्गा गावाच्या वर, सोम्मोकोलोनिया नावाचे चिमुकले खेडे डोंगराच्या टोकावर वसले आहे. नाताळाच्या रात्री साध्या नागरी कपड्यांतील शत्रूसैनिक तेथे एकेक करून शिरले आणि २६ डिसेंबरच्या पहाटे हल्ला सुरू झाला. गावात राहिलेल्या मूठभर अमेरिकनांमध्ये लेफ्टनंट जॉन फॉक्स हा ओहायो राज्यातील कृष्णवर्णीय अधिकारी होता. एका घराच्या वरच्या मजल्यावर बसून, मागच्या तोफखान्याला कोठे मारा करायचा हे रेडिओवरून सांगणे हे त्याचे काम. शत्रू जवळ येत गेला, तसतसा तो तोफांचा मारा जवळ आणीत गेला. शेवटी घराला वेढा पडला, तेव्हा त्याने आपल्या स्वतःच्याच जागेवर गोळे टाकण्यास सांगितले. तोफांपाशी असलेला त्याचा मित्र कचरला. फॉक्सने पुन्हा बजावले आणि तोफा डागल्या गेल्या. पुढे गाव परत घेतले, तेव्हा फॉक्सचे शव सापडले आणि त्याच्या भोवती सुमारे शंभर जर्मन सैनिकांची.

या हल्ल्याने खोऱ्यातील अमेरिकन फळी मागे रेटली गेली. तिला सावरण्यासाठी कोण आले? आठवी भारतीय डिव्हिजन. आघाडीच्या दुसऱ्या भागातून तिच्या ब्रिगेड घाईघाईने सेर्किओच्या खोऱ्यात आणल्या गेल्या, मागे हटणाऱ्या बफेलो सैनिकांना त्यांनी आपल्या फळीतून जाऊ दिले, आणि वर्ष संपण्याच्या सुमारास बार्गा व आसपासची गावे पुन्हा दोस्तांच्या ताब्यात आली. नाताळ झालेला, डोंगरावर बर्फ, काळे अमेरिकन ख्रिस्ती आणि त्यांचे गोरे साहेब. आजोबांची गोष्ट आणि इतिहासाचे हे पान इतके तंतोतंत जुळते, की आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ तसेच बसून राहिलो. हा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण स्वयंपाकी असोत की ड्रायव्हर, आठव्या डिव्हिजनबरोबर ते त्या रस्त्याने गेले असतील, असे मानायला आमचे मन तयार झाले आहे.

त्या आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. आणि तिच्या एका कंपनीत निरोप पोहोचवण्याचे काम करणारा, संगमनेर तालुक्यातील निमज गावचा शिपाई नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातील आपल्या मिशनच्या गावांपासून निमज काही फार दूर नाही.

वसंत ऋतूत शेवटचा हल्ला ठरला. दोन्ही आर्मींवर आता अमेरिकेचे जनरल मार्क क्लार्क हे एकच सेनापती होते. शत्रूचे लक्ष पश्चिमेकडे वळावे म्हणून ५ एप्रिल १९४५ रोजी समुद्रकाठच्या डोंगराळ भागात बफेलो डिव्हिजनने आधी चढाई केली. तिच्या जोडीला अमेरिकेतील जपानी वंशाच्या तरुणांची ४४२ वी रेजिमेंट होती. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप त्याच वेळी स्वदेशात काटेरी तारांच्या छावणीत डांबलेले होते. हाही इतिहासाचा एक विनोदच. त्या दिवशी लेफ्टनंट व्हर्नन बेकर पंचविसेक कृष्णवर्णीय सैनिकांसह आगिनोल्फी नावाच्या जुन्या किल्ल्यापाशी जाऊन पोहोचला. वाटेत त्याने शत्रूचे मशिनगनचे मोर्चे आणि टेहळणीची ठाणी एकामागून एक निकामी केली. कंपनीचा गोरा कॅप्टन कुमक घेऊन येतो म्हणून मागे गेला. कुमक आलीच नाही. माणसे पडत गेली. उरलेल्या थोड्यांना बेकरने आपल्या पाठीशी घालून परत आणले, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच वाटेने सुरुंगांतून पुढच्या पलटणीला तो वाट दाखवीत गेला.

चार दिवसांनी, ९ एप्रिल रोजी, पूर्वेकडे मुख्य हल्ला सुरू झाला. अमेरिकन जड विमानांनी बॉम्बचा पाऊस पाडला, आणि संध्याकाळी आठव्या डिव्हिजनने सेनिओ नदीत पाय टाकला. ही नदी रुंदीने काही मोठी नाही. आपल्या गोदावरीने तिच्याकडे पाहून हसावे. पण पूर अडवण्यासाठी दोन्ही काठांना घातलेले उंच मातीचे बांध जर्मनांनी आतून पोखरून मोर्च्यांनी भरले होते, आणि उतारावर सुरुंग पेरले होते. नामदेव जाधव आपल्या कंपनी कमांडरच्या मागोमाग पहिल्या टोळीबरोबर पाण्यात उतरले. तीन मशिनगन एकदम सुरू झाल्या. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. जाधव सोडून बाकीचे ठार झाले.

एका जखमीला खांद्यावर घेऊन जाधव खोल पाण्यातून परत फिरले, उभा बांध चढले आणि सुरुंगांमधून त्याला सुखरूप पोहोचवले. मग पुन्हा गेले आणि दुसऱ्याला आणले. दोन्ही खेपांना त्यांच्यावर गोळ्या आणि उखळी तोफांचे गोळे बरसत होते. येथे थांबले असते, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ते तिसऱ्यांदा गेले. पहिला मोर्चा त्यांनी टॉमीगनने शांत केला. त्यात त्यांच्या हाताला गोळी लागली, चाप ओढता येईना. त्यांनी बंदूक फेकून दिली आणि हातबॉम्ब काढले. दुसरा मोर्चा, मग तिसरा. मध्ये हातबॉम्ब संपले, तेव्हा रांगत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. मशिनगन थंडावल्यावर ते बांधाच्या माथ्यावर, गोळे पडत असताना, उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना देत उरलेल्या कंपन्यांना हात करून अलीकडे बोलावू लागले. रोमहून उत्तरेस शेकडो मैलांवर, लॅटिन पुराणांतल्या त्या भूमीत, निमजच्या शेतकऱ्याच्या मुखातून शिवछत्रपतींचा जयजयकार उमटला असेल, तो क्षण आम्ही कितीदा तरी मनात आणून पाहिला आहे.

त्याच दिवशी त्याच नदीवर कोहाटकडील अली हैदर या पठाण शिपायानेही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन फौजांनी शस्त्रे खाली ठेवली. जाधव जिवंत परत आले; १९८४ साली त्यांचे निधन झाले.

येथवर पराक्रमाची हकिगत झाली. आम्हांस जे खरोखर सांगायचे आहे, ते तिच्या पुढे आहे.

नामदेव जाधवांना त्यांचे पदक त्याच वर्षी जाहीर झाले. बेकर आणि फॉक्स यांचे काय झाले? अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे मेडल ऑफ ऑनर. दुसऱ्या महायुद्धासाठी ते चारशेहून अधिक जणांना मिळाले. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीयांनी गणवेश चढवला होता. त्यांच्यापैकी एकालाही ते मिळाले नाही. बेकरला त्याखालचे पदक देऊन वाटेला लावले. फॉक्सच्या वाट्याला तेवढेही लवकर आले नाही. त्याला दुसऱ्या क्रमांकाचे पदक १९८२ साली, मृत्यूनंतर ३८ वर्षांनी, देण्यात आले. पुढे त्यांच्याच सैन्याने एका विद्यापीठाकडून जुनी दप्तरे तपासून घेतली, आणि १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर दिले. सातांपैकी सहा जण तोवर देवाघरी गेले होते. फॉक्सच्या वतीने ते त्याच्या विधवेने स्वीकारले. स्वतःच्या पायांनी चालत आला तो एकटा बेकर, सत्याहत्तर वर्षांचा. २०१० साली तोही गेला.

हे वाचून 'पाहा, गोऱ्यांचा न्याय' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आवरावा लागतो, कारण आपल्या अंगणातही एक दप्तर पडलेले आहे. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांचे पूर्वज महार व मांग समाजांतून प्रभूच्या मळ्यात आले. त्यांपैकी महार समाजाची मुंबईच्या लष्करातील चाकरी पिढीजात होती. भीमा कोरेगावच्या १८१८ सालच्या लढाईच्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत, ती कोणाची ते सांगायला नको. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचे एक शास्त्र शोधून काढले आणि या समाजाची भरती बंद केली. ज्यांच्या शिपाईगिरीवर राज्य उभारले, ते एकाएकी लढण्यास नालायक ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली; १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच काही वर्षांत तीही मोडली. दुसरे महायुद्ध पेटल्यावर, डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

म्हणजे असे, की अमेरिकेने कृष्णवर्णीयाला बंदूक दिली आणि पदक नाकारले; इंग्रजांनी आपल्या माणसांना बंदूकच नाकारली, म्हणजे पदकाचा प्रश्नच उरला नाही. नामदेव जाधवांच्या जागी चाळीस वर्षे कोण कोण उभे राहू शकले असते, हे आता कोणत्याही विद्यापीठाला शोधून काढता येणार नाही. फॉक्सची कहाणी निदान दप्तरात लिहिलेली तरी होती.

१९४१ नंतर काय घडले, ते सर्वश्रुत आहे. महार रेजिमेंटमध्ये पुढे सर्व जातींचे जवान आले. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन सेनाप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे तिचे परमवीर चक्राचे मानकरी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी हुकूम काढून सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा मार्ग खुला केला. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबर रोजी, भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर निजामाने शरणागती पत्करली आणि बिडकीनसह सारा मराठवाडा मोकळा झाला. आज भारत आणि अमेरिका यांच्या सेना २००४ पासून 'युद्ध अभ्यास' या नावाने एकत्र कवायती करतात. त्या कवायतींच्या बातम्यांत दोन्ही देशांच्या सैनिकांची ही जणू पहिलीच भेट असल्यासारखे लिहिलेले असते. सेर्किओच्या खोऱ्याचा उल्लेख आम्हांस त्यांत कधी आढळला नाही.

इटालियन लोक मात्र विसरलेले नाहीत. तायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावाने जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. ते पुतळ्याच्या रूपात नाही. ते सूर्याच्या छायेवर वेळ दाखवणारे घड्याळ आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्याचे ब्रीद आहेत. घाडग्यांचे नाव कॅसिनोच्या युद्धस्मारकावरही कोरलेले आहे. आपल्याकडील अनेक धर्मग्रामांतून आता रोमच्या यात्रा निघतात. नेपल्सच्या वाटेवर बस त्याच टेकडीखालून जाते. संयोजकांनी तासभर बस थांबवली, तर वर मठ आणि खाली दफनभूमी, दोन्हीकडे प्रार्थना करता येईल. घाडगे हिंदू होते, तेव्हा त्यांच्यासाठी काय म्हणावे, असे एका मुलाने आम्हांस विचारले. प्रभूची प्रार्थना म्हणावी, असे आम्ही सांगितले.

डिसेंबरात आम्ही पुन्हा बिडकीनला गेलो आणि हे सारे आजींना वाचून दाखवले. फॉक्सच्या विधवेची हकिगत त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मामंजी खोटं बोलत नव्हते." थोरल्या नातवाने पेटी उलटी करून झाकणाची आतली बाजू दाखवली. तेथे पांढऱ्या रंगाने एक अक्षर आणि काही आकडे लिहिलेले आहेत. बहुधा शिपाई नंबर. नंबर पुरता लागला, तर पलटणीच्या दप्तराकडे अर्ज करून नाव आणि काम दोन्ही कळू शकेल. आकडे आम्ही उतरवून घेतले. पहिले अक्षर मात्र गंजाने खाल्ले आहे. ते आर आहे की बी, यावर दोन्ही नातवांचा वाद चालू आहे. पुढच्या खेपेस आम्ही भिंग घेऊन जाणार आहोत.